फेडरल अपील कोर्टाचं न्यायाधीशपद: ज्या नोकरीला अर्ज नसतो, तिची तयारी

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका आईने विचारलं आहे: मुलगी लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिला पुढे फेडरल अपील कोर्टात न्यायाधीश व्हायचं आहे. आम्ही नवराबायको दोघंही आयटीत, वकिलीत ओळखपाळख कुणाचीच नाही. यासाठी परीक्षा कोणती? अनुभव किती वर्षांचा लागतो? आधी खालच्या कोर्टात न्यायाधीश व्हावं लागतं का? आणि राजकारणात शिरल्याशिवाय हे जमतं का?

मी फिलाडेल्फियात अपिलांचीच वकिली करते. फेडरल अपील कोर्टांच्या विभागांना ‘सर्किट’ म्हणतात; लॉ स्कूल संपल्यावर अशाच एका सर्किट जजकडे लॉ क्लार्क होते, म्हणजे संशोधन आणि लेखनाची सहायक. त्यानंतर त्याच तऱ्हेच्या न्यायाधीशांपुढे उभी राहत आले. त्यामुळे ही खुर्ची दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

सरळ प्रश्नांची सरळ उत्तरं आधी. परीक्षा नाही. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदांसाठी एमपीएससीची परीक्षा असते. हायकोर्टासाठी आपल्या घटनेच्या कलम २१७ मध्ये दहा वर्षांच्या वकिलीची किंवा न्यायिक पदाची अट आहे. तसं इथे काहीच नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत फेडरल न्यायाधीशासाठी वयाची, पदवीची, अनुभवाची कसलीच अट नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते, बस. कायद्यात एक अट आहे ती राहण्याच्या जागेची: राजधानी वॉशिंग्टनचं डीसी सर्किट सोडलं तर नेमणुकीच्या वेळी उमेदवार त्या सर्किटचा रहिवासी असावा लागतो. अनुभवाबद्दल अमेरिकन बार असोसिएशनची समिती सर्वसाधारणपणे बारा वर्षांच्या वकिलीची अपेक्षा धरते, पण ती अपेक्षाच, कायदा नव्हे. खालच्या कोर्टात आधी बसावं लागत नाही. राजकारणाचं उत्तर एका ओळीत मावत नाही, त्याकडे पुढे येते.

तुमच्या प्रश्नामागे मला एक शिडी दिसते: अमुक पायरी, मग तमुक पायरी, मग न्यायाधीश. आपल्या घरांमध्ये करिअरचा विचार असाच होतो आणि इंजिनियरिंगमध्ये, मेडिकलमध्ये तो बरोबरही ठरतो. इथे शिडीच नाही. त्यामुळे खरा प्रश्न वेगळाच आहे: जे पद मिळेल की नाही, कधी मिळेल, यावर आपला काहीच ताबा नाही, त्याच्या आशेवर तिशी-चाळिशीतली वर्षं कशी घालवायची, म्हणजे पद आलं तर आपण तयार असू आणि नाही आलं तरी ती वर्षं वाया गेली असं वाटणार नाही?

ताबा का नाही, ते आकड्यांतून कळेल. सगळ्या अपील कोर्टांत मिळून १७९ जागा आहेत. १९९० नंतर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यांत एकाही जागेची भर घातलेली नाही. तुमचं न्यू जर्सी ज्या तिसऱ्या सर्किटमध्ये येतं, तिथे पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, डेलावेअर आणि व्हर्जिन आयलंड्स मिळून १४ जागा. नेमणूक तहहयात, निवृत्तीचं वय नाही. न्यायाधीश वारले, राजीनामा दिला, वरच्या कोर्टात गेले किंवा ‘सीनियर स्टेटस’ घेतला तरच जागा मोकळी होते. सीनियर स्टेटससाठी वय आणि सेवेची वर्षं यांची बेरीज ८० लागते, वय किमान ६५ आणि सेवा किमान दहा वर्षं. तो घेतल्यावर न्यायाधीश कमी कामासह काम चालू ठेवतात आणि त्यांची जागा नव्या माणसासाठी मोकळी होते. पण तो कधी घ्यायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. व्हाइट हाउसमध्ये कोण आहे हे बघून तारीख ठरवणारेही असतात. म्हणजे तुमची मुलगी पंचेचाळिशीत अगदी तयार असेल, आणि तेव्हा न्यू जर्सीतली एकही जागा मोकळी नसेल. किंवा जागा असेल, पण राष्ट्राध्यक्ष तिच्या विचारांचे नसतील.

नाव जाहीर झालं म्हणजे झालं, असंही नाही. जॉन रॉबर्ट्स आज सरन्यायाधीश आहेत. त्यांचं नाव डीसी सर्किटसाठी पहिल्यांदा १९९२ मध्ये गेलं होतं. सिनेटने त्यावर मतदानच घेतलं नाही. २००१ मध्ये पुन्हा गेलं, पुन्हा अडकलं. शेवटी २००३ मध्ये ते न्यायाधीश झाले. एलेना केगन यांचं नाव त्याच कोर्टासाठी १९९९ मध्ये गेलं आणि सुनावणीसुद्धा झाली नाही. पुढे त्या हार्वर्ड लॉ स्कूलच्या डीन झाल्या, सॉलिसिटर जनरल (सुप्रीम कोर्टात केंद्र सरकारची बाजू मांडणारं पद) झाल्या आणि २०१० मध्ये थेट सुप्रीम कोर्टात गेल्या. तुमच्याच सर्किटमधलं अलीकडचं उदाहरण अदील मांगी यांचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये नाव जाहीर झालं, पण पुरेशी मतं कधी जमलीच नाहीत आणि नेमणूक झाली नाही. रॉबर्ट्स आणि केगन यांच्याबाबत मला महत्त्वाची वाटते ती मधली वर्षं. दोघेही खोळंबून बसले नाहीत. एकाने अपिलांची वकिली इतकी उत्तम केली की सुप्रीम कोर्टात त्यांचा युक्तिवाद ऐकायला वकील जमत. दुसरीने एक मोठी संस्था चालवली.

आता भारतीय वंशाच्या तिघांकडे बघू. श्री श्रीनिवासन चंदीगडमध्ये जन्मले आणि कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात वाढले. वडील तिथल्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. अपील कोर्टात आणि सुप्रीम कोर्टात क्लार्कशिप, मग मोठ्या फर्ममध्ये आणि सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयात अपिलांचं काम, आणि २०१३ मध्ये डीसी सर्किट. २०२० मध्ये ते तिथले मुख्य न्यायाधीश झाले. अमूल थापर यांची वाट वेगळी: सरकारी वकील, केंटकीच्या पूर्व जिल्ह्याचे यूएस अटर्नी (तिथले मुख्य केंद्रीय सरकारी वकील), मग डिस्ट्रिक्ट जज (खटले आधी जिथे चालतात त्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश) आणि २०१७ मध्ये सहावं सर्किट. नेओमी राव पारशी कुटुंबातल्या. त्या कायद्याच्या प्राध्यापक होत्या, नंतर व्हाइट हाउसच्या नियम-तपासणी कार्यालयाच्या प्रमुख आणि २०१९ मध्ये डीसी सर्किटवर. एकाचाही रस्ता दुसऱ्यासारखा नाही. आधी डीसी सर्किटवर आणि आता सुप्रीम कोर्टात असलेल्या केटान्जी ब्राउन जॅक्सन यांनी तर काही काळ सरकारी खर्चाने आरोपींचा बचाव करणाऱ्या पब्लिक डिफेंडरच्या कार्यालयात काम केलं होतं.

या सगळ्यांत समान काय? एक, क्लार्कशिप. चौघांनीही ती केली आहे. दुसरं, प्रत्येकाच्या नावावर लिखित कामाचा भरपूर ऐवज होता: ब्रीफ (कोर्टाला दिलेले लेखी युक्तिवाद), लेख, निकालपत्रं. तिसरं, ज्यांनी त्यांना जवळून काम करताना पाहिलं होतं अशी वजनदार माणसं त्यांच्यासाठी बोलायला तयार होती. तुम्ही लिहिलंत की ओळख कुणाची नाही. ओळख इथे आईवडिलांकडून येतच नाही. पहिली खरी ओळख म्हणजे जिच्याकडे ती क्लार्क असेल ती न्यायाधीश. त्या ओळखीने पुढची दारं उघडतात, आणि ती कामातूनच मिळते.

राजकारणाचं सांगायचं तर निवडणूक लढवावी लागत नाही, पक्षाचं पदही लागत नाही. पण निवड राजकीय असते हे लपवण्यात अर्थ नाही. श्रीनिवासन २०१३ मध्ये ९७ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाले. थापर २०१७ मध्ये ५२ विरुद्ध ४४. राव २०१९ मध्ये ५३ विरुद्ध ४६. यामागे नियमांतले बदलही आहेत. नोव्हेंबर २०१३ मध्ये सिनेटने खालच्या कोर्टांच्या नेमणुकांवरची चर्चा थांबवायला ६० मतांची गरज काढून टाकली, आता साधं बहुमत पुरतं. उमेदवाराच्या राज्यातल्या सिनेटरने ‘ब्लू स्लिप’ नावाची संमतीची चिठ्ठी परत केली नाही तर नाव अडकून पडायचं, तो रिवाजही अपील कोर्टांपुरता २०१८ पासून मोडला आहे. परिणाम असा की राष्ट्राध्यक्षांना विरोधी पक्षाची मनधरणी करावी लागत नाही आणि ते आपल्या न्यायविषयक विचारांशी जुळणारी माणसं निवडतात. फेडरलिस्ट सोसायटी आणि अमेरिकन कॉन्स्टिट्यूशन सोसायटी या दोन टोकांच्या (पहिली उजव्या, दुसरी डाव्या विचारांची) संघटनांच्या शाखा तिच्या लॉ स्कूलमध्ये बहुधा असतील. दोन्हींची भाषणं तिने ऐकावीत. तिथे कायद्याबद्दलची खरी भांडणं ऐकायला मिळतात. पण पुढे उपयोगी पडेल म्हणून एखाद्या बाजूचा झेंडा खांद्यावर घेणं मला चुकीचं वाटतं. वीस वर्षांनी कोणता वारा वाहत असेल हे कुणालाच माहीत नाही, आणि उसनी मतं जवळून पाहणाऱ्यांना लगेच कळतात.

लिखाणाबद्दल मात्र आजपासूनच सावध राहावं. सिनेटच्या न्याय समितीची प्रश्नावली भरताना आजवरचे सगळे लेख, भाषणं, मुलाखती द्याव्या लागतात, शिवाय स्वतः लढवलेल्या सर्वांत महत्त्वाच्या दहा खटल्यांची माहिती. राव यांना सुनावणीत कॉलेजच्या दिवसांत लिहिलेल्या लेखांबद्दल विचारलं गेलं. म्हणून काही लिहूच नये असं नाही, न लिहिणाऱ्याला कुणी निवडत नाही. पण जे छापायचं त्यामागे पन्नाशीतही उभं राहता येईल, असं असावं.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते: हे काम नेमकं काय आहे, आणि ते तिला आवडेल का. सिनेमात दिसतं तसं कोर्ट इथे नसतं. साक्षीदार नाही, ज्युरी नाही, उलटतपासणी नाही. खालच्या कोर्टातला कागदांचा गठ्ठा, दोन्ही बाजूंची ब्रीफ आणि तीन न्यायाधीश. पहिल्या ब्रीफला १३,००० शब्दांची मर्यादा असते. दिवसचे दिवस वाचण्यात जातात. बहुतेक प्रकरणांत तोंडी युक्तिवाद होतच नाही. झाला तर एका बाजूला साधारण पंधरा मिनिटं, आणि त्यातली बरीचशी न्यायाधीशांच्या प्रश्नांतच संपतात.

एक कल्पित पण नेहमीच्या धाटणीचं प्रकरण घेऊ. एका माणसाने अमेरिकेत आश्रय मागितला. इमिग्रेशन जजने अर्ज फेटाळला, कारण विमानतळावरची जबानी आणि कोर्टातली साक्ष यांत हल्ल्याचा महिना जुळत नव्हता. इमिग्रेशन अपील बोर्डाने तोच निकाल कायम ठेवला. तिथून ३० दिवसांच्या आत याचिका थेट सर्किट कोर्टात येते, डिस्ट्रिक्ट कोर्ट मध्ये येत नाही. क्लार्क रेकॉर्डची पानं उलटत बसतो आणि त्याला दिसतं की विमानतळावर दुभाषी फोनवरून बोलत होता, आणि ‘नीट ऐकू येत नाही’ असं तो माणूस दोनदा म्हणाल्याची नोंद आहे. मन म्हणतं, अन्याय झाला, निकाल फिरवा. पण अपील कोर्टाचा पहिला प्रश्न ‘मी असतो तर काय निकाल दिला असता’ हा नसतोच. पहिला प्रश्न असतो: या मुद्द्यावर खालच्याचं किती ऐकायचं? कायद्याचा प्रश्न असेल तर नव्याने, स्वतःच्या नजरेने विचार करता येतो. साक्ष खरी की खोटी हा तथ्याचा प्रश्न असेल, तर पुराव्याच्या आधारे कुणाही समंजस माणसाला उलटाच निष्कर्ष काढावा लागला असता, अशी स्थिती असल्याशिवाय हात लावता येत नाही. मग क्लार्क बेंच मेमोत, म्हणजे न्यायाधीशासाठीच्या टिपणात, लिहितो की हा वाद महिन्याचा नाहीच. प्रश्न असा आहे की इमिग्रेशन जजने दुभाष्याबद्दलचा खुलासा विचारातच घेतला नाही, आणि समोरचा खुलासा विचारात न घेणं ही कायद्याची चूक आहे. केस टिकणार की पडणार हे या बारीक फरकावर ठरतं. ज्याला हा फरक शोधण्यात रात्र कधी सरली ते कळत नाही, त्याने या वाटेला यावं. ज्याला त्या माणसाला समोर बसवून प्रश्न विचारावेसे वाटतात, त्याला डिस्ट्रिक्ट कोर्ट जास्त मानवेल. दोन्ही कामं थोर आहेत, फक्त स्वभाव वेगळे लागतात.

युक्तिवादानंतर तिघं बंद खोलीत बसतात आणि मत सांगतात, बऱ्याच ठिकाणी सर्वांत कनिष्ठाने आधी बोलायचं असा रिवाज आहे. मग एकाकडे निकालपत्र लिहायचं काम जातं. मसुदा बाकीच्या दोघांकडे गेला की पत्रं सुरू होतात: ‘तिसरी तळटीप काढली तर मी सामील होईन, तो प्रश्न या खटल्यात आलेलाच नाही.’ लिहिणाऱ्याने ती तळटीप जिवापाड जपलेली असते. तरी बहुतेकदा ती जाते, आणि निकाल त्यामुळे चांगला होतो. तिसऱ्या सर्किटमध्ये पूर्वदाखला ठरणारं निकालपत्र जाहीर होण्याआधी कोर्टाच्या सगळ्या सक्रिय न्यायाधीशांकडे फिरवलं जातं. एकट्याने चमकायचं असेल त्याला इथे त्रास होतो. डिस्ट्रिक्ट जज आपल्या कोर्टरूमचा धनी असतो. सर्किट जजला दोन मतं जमवल्याशिवाय काहीच करता येत नाही. आणि त्या निकालाचं वजन मोठं, कारण सुप्रीम कोर्ट वर्षाला साठ-सत्तरच खटले पूर्ण सुनावणीसाठी घेतं. अपील कोर्टांत वर्षाला सुमारे ४०,००० अपिलं येतात. जवळजवळ प्रत्येक माणसासाठी सर्किट कोर्ट हेच शेवटचं दार असतं.

तुम्ही पगाराचं विचारलं नाहीत, पण घरात बोलणं होईलच. २०२४ मध्ये सर्किट जजचा पगार २,५७,९०० डॉलर होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये नुकत्याच रुजू झालेल्या वकिलाचा मूळ पगार २,२५,००० होता. लॉ स्कूलचं कर्ज असेल तर हे गणित आधी मांडा. न्यायाधीशाकडे, जोडीदाराकडे किंवा घरातल्या अल्पवयीन मुलाकडे खटल्यातल्या कंपनीचा एक शेअर जरी असला तरी त्या खटल्यातून बाजूला व्हावं लागतं. टीकेला उत्तर देता येत नाही. आणि धोकाही आहे. २०२० मध्ये न्यू जर्सीतल्या डिस्ट्रिक्ट जज एस्थर सलास यांच्या घरी एक वकील डिलिव्हरीवाल्याच्या वेशात आला आणि त्याने त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाला, डॅनियलला, गोळ्या घालून मारलं. न्यायाधीशांच्या घरचे पत्ते आणि खासगी माहिती इंटरनेटवरून काढून टाकण्याची तरतूद करणारा २०२२ चा कायदा त्याच्या नावाने आहे. घाबरवायला नाही सांगत, पण आईने हे माहीत असतानाच होकार द्यावा असं मला वाटतं.

मग तिने आता काय करावं? पहिल्या वर्षाचे मार्क फार मोलाचे, कारण क्लार्कशिपची निवड मोठ्या प्रमाणात त्यांवर आणि लिखाणाच्या नमुन्यावर होते. लॉ रिव्ह्यू (विद्यार्थ्यांनी चालवलेलं कायद्याचं नियतकालिक) किंवा मूट कोर्ट (सरावाचे युक्तिवाद) यांपैकी जे मनापासून करता येईल ते धरावं. अपिलांचं क्लिनिक असेल तर ते अजिबात सोडू नये, काही लॉ स्कूलांमध्ये विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खऱ्या अशिलासाठी सर्किट कोर्टापुढे उभे राहतात. उन्हाळ्यात एखाद्या न्यायाधीशाच्या चेंबर्समध्ये इंटर्नशिप मिळते का बघावं. बऱ्याचदा बिनपगारी असते, तरी घ्यावी. क्लार्कशिपचे बरेचसे अर्ज ‘ऑस्कर’ नावाच्या सरकारी पोर्टलवरून जातात. शक्य झाल्यास एक वर्ष डिस्ट्रिक्ट कोर्टात आणि एक अपील कोर्टात करावं. अपिलात जो ‘रेकॉर्ड’ येतो तो कसा तयार होतो हे डिस्ट्रिक्ट कोर्टातच कळतं. पुढे यूएस अटर्नीच्या कार्यालयाचा अपील विभाग, पब्लिक डिफेंडर, राज्याच्या सॉलिसिटर जनरलचं कार्यालय, फर्मचा अपील विभाग किंवा अध्यापन, यांतलं कुठलंही चालेल. माझा कल अशा जागेकडे आहे जिथे लवकर स्वतःच्या नावाने ब्रीफ लिहायला मिळतं. मोठ्या फर्ममध्ये ते बहुतेकदा उशिरा मिळतं.

आणि न्यायदानच करायचं असेल, तर अर्ज करून मिळणारी फेडरल पदंही आहेत, ती कुणी मुलांना सांगत नाही. मॅजिस्ट्रेट जजची नेमणूक डिस्ट्रिक्ट कोर्टाचे न्यायाधीश करतात, मुदत आठ वर्षं, वकिलीची किमान पाच वर्षं लागतात. दिवाळखोरी कोर्टाच्या न्यायाधीशांना अपील कोर्ट नेमतं, मुदत चौदा वर्षं. दोन्हींना सिनेटची मंजुरी लागत नाही, जाहिरात निघते, मुलाखती होतात. अपील कोर्टाचं स्वप्न मनात ठेवूनही हे मार्ग खुले ठेवता येतात.

थोडक्यात, पदाची तारीख तिच्या हातात नाही. क्लार्कशिप, लिखाण आणि चांगल्या माणसांखाली केलेलं काम तिच्या हातात आहे. आणि हे काम आवडतं का याचा अंदाज तर आत्ताच घेता येतो. फिलाडेल्फियात मार्केट स्ट्रीटवरच्या फेडरल कोर्टाच्या इमारतीत तिसऱ्या सर्किटचे युक्तिवाद होतात, ते कुणालाही बसून ऐकता येतात आणि खटल्यांची यादी कोर्टाच्या संकेतस्थळावर आधी लागते. एडिसनहून तासा-दीड तासाचं अंतर. तिने यादीतलं एक प्रकरण निवडावं, दोन्ही बाजूंची ब्रीफ आधी वाचावीत, निकाल काय लागायला हवा आणि का ते एका पानात लिहून काढावं, आणि मग युक्तिवाद ऐकायला जावं. काही महिन्यांनी निकालपत्र येईल तेव्हा ते पान काढून शेजारी ठेवावं. हे दोन-तीन खटल्यांबाबत केल्यावर तिला स्वतःलाच कळेल. त्यानंतर क्लार्कशिपबद्दल काही विचारायचं असेल तर तिने सरळ मला लिहावं.